आत्यांच्या वाट्याच्या बायका

मूर्खपणा माझाच, तो आधी कबूल करते. मीठमोजणीच्या डब्यात मी माझ्या सासूबाईंची लघवी ओतली, आणि तेव्हापासून तीन तालुक्यांतल्या एकोणीस हजार दोनशे सहा बायका अळणी जेवायला लागल्या.

मोजणी सगळीकडेच होते, त्यामुळे फार समजावत बसत नाही. देशातल्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या पोटात रोज किती मीठ जातं आणि किती पोटॅशियम जातं, हे सरकारला कळायला हवं असतं. प्रत्येकाचं मोजायला गेलं तर जन्म जाईल. म्हणून एकच माणूस निवडतात, त्याची एका दिवसाची लघवी तपासून मोजतात, आणि पुढची पाच वर्षं तो माणूस जे खाईल तेवढंच त्याच्या नावावर लावलेल्या बाकीच्यांना पोचतं. त्या बाकीच्यांनी आपापल्या भाजीत किती मीठ टाकलं याला काही अर्थ नसतो. टाकतो आपण, सवय म्हणून.

आमच्या ह्यांचं मीठ करमाळ्याकडच्या एका हेडमास्तरांकडे आहे. सलग दुसऱ्या मोजणीत तेच निघाले. गुरुजींना रविवारी सुकं मटण लागतं. त्यामुळे रविवारी रात्री आमच्याकडे साधा वरणभात असला तरी हे तांब्यावर तांब्या पाणी पितात आणि म्हणतात, "गुरुजींनी आज दोनदा घेतलेलं दिसतंय." तक्रार नाही. ओळखही नाही.

माझं मीठ आधी एका नर्सबाईंकडे होतं. बाई नेमस्त होत्या. त्यांची मुदत संपली आणि या खेपेला नाव निघालं माझंच.

मी ब्लाउज शिवते. सोलापूर भागातलं तालुक्याचं गाव, बसस्टँडच्या मागची गल्ली, घराच्याच पुढच्या खोलीत दुकान. वीस वर्षं बायकांची मापं घेतेय. आता कुणीतरी आपलं माप घेणार म्हटल्यावर मला कौतुकच वाटलं. शेजारणीला मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला गेले तर तिने दार उघडलं नाही.

मोजणी कचेरीचे निरीक्षक बुरुंगले साहेब माघात घरी आले. पन्नाशीचे, चष्म्याला दोरी, आणि चेहरा असा की जणू दहा तालुके त्यांच्याच पोटावर चाललेत. त्यांनी पाच लिटरचा निळा डबा टेबलावर ठेवला, माझ्या कात्रीच्या शेजारी.

"सकाळची पहिली टाकून द्यायची," ते म्हणाले. "घड्याळ बघून वेळ लिहायची. त्यानंतरची दिवसभराची, रात्रीची, सगळी डब्यात. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला शेवटची डब्यात, आणि झाकण बंद."

"सगळी?"

"थेंब न् थेंब."

"आणि बाहेर जावं लागलं तर?"

"डबा घेऊन जायचं."

"लग्नाला?"

त्यांनी चष्म्याची दोरी सारखी केली. "लग्नाला लोक बरंच काय काय घेऊन येतात," म्हणाले.

चुलतनणंदेच्या मुलीचं लग्न नेमकं डबा भरायच्या दिवशीच होतं. मी डबा साड्यांच्या दुकानाच्या मोठ्या पिशवीत घातला, वरून एक ब्लाउजपीस पसरला आणि कार्यालयात गेले. दारात नवरीच्या मावशीने "अगंबाई, एवढं कशाला आणलंस!" म्हणत पिशवी माझ्या हातातून घेतली आणि स्टेजच्या मागे आहेराच्या ढिगात नेऊन ठेवली. तिथून ती काढून मागणं म्हणजे दिलेला आहेर परत मागण्यासारखं. मी पाच तास बसून राहिले. दोनदा जावं लागलं, दोन्ही वेळा डब्याविना. संध्याकाळी सगळे वरातीला गेल्यावर पिशवी सोडवून आणली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेळ भरली तेव्हा डब्याच्या तळाशी जेमतेम दोन वाट्या होत्या. अर्ध्या लिटरच्या खाली गेला तर डबा बाद, आणि बाद झालेल्यांची नावं कचेरीबाहेरच्या फळ्यावर लावतात. शेजारीण रोज त्याच रस्त्याने भाजीला जाते.

आता कापड कमी पडलं तर टेलर काय करतो? जोड देतो. काखेत, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे. गिऱ्हाइकाला सांगत नाही आणि गिऱ्हाईक विचारत नाही. माझे हात आपोआपच जोड शोधायला लागले. आतल्या खोलीत आत्या जागीच होत्या.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, अनुसयाबाई. वय चौऱ्याहत्तर. आठ वर्षांपूर्वी त्यांच्या किडन्या थकल्या आणि रक्तदाब वाढला, तेव्हापासून त्यांचं वेगळं छोटं पातेलं असतं. मीठ डॉक्टरांनी दिलेल्या मापाचं, दिवसाला चिमूटभर. भाजी उकडायची, पाणी फेकायचं, पुन्हा उकडायची, म्हणजे पोटॅशियम निघून जातं. केळं नाही, टोमॅटो नाही, शहाळं नाही. सत्तरीनंतर माणूस मोजणीतून सुटतं आणि आपलं मीठ आपणच खातं. त्यामुळे आत्यांची ती चिमूट दुसऱ्या कुणाला पोचत नव्हती आणि दुसऱ्या कुणाचं त्यांना पोचत नव्हतं.

"आत्या, जरा मदत हवी होती," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं. "घे की," म्हणाल्या. "आठ वर्षांत ह्या घरात माझ्याकडं कुणी काय मागितलं न्हाई."

मी मापापेक्षा दोन बोटं जास्तच जोड दिला. तीही सवयच.

बारा दिवसांनी बुरुंगले साहेब लिफाफा घेऊन आले. मी त्यांना चहा दिला. त्यांनी चहा बाजूला सरकवून लिफाफा पुढे केला.

"क्षीरसागर ताई, या डब्यात दोन बायका आहेत."

मी चहा परत त्यांच्यापुढे सरकवला.

"एक केळी खाते. दुसरी नाही खात."

"कशावरून?"

"पोटॅशियमवरून. पोटॅशियम लपत नाही." त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले. "दुसऱ्या कोण?"

"सासूबाई."

"वय?"

"चौऱ्याहत्तर. म्हणजे त्या मोजणीत बसतच नाहीत ना साहेब? मग डबा बाद करून टाका. फळ्यावर नाव लावा माझं. मोठ्या अक्षरात लावा."

"डब्याला लाखेचा शिक्का लागला ताई. लाख लागली की डबा खरा."

"अहो, पण त्या मोजणीत नाहीत!"

"मोजणीत नाहीत," बुरुंगले म्हणाले. "डब्यात आहेत."

मग त्यांनी यादी काढली. माझ्या नावावर तीन तालुक्यांतल्या अडतीस हजार चारशे बारा बायका लागायच्या होत्या. डब्यात दोघी निम्म्या निम्म्या असल्यामुळे यादीचीही निम्मी वाटणी झाली. विषम नंबरच्या बायका माझ्याकडे, सम नंबरच्या आत्यांकडे. आत्यांनी सही करायला पेन हातात घेतलं आणि विचारलं, "किती म्हनला?"

"एकोणीस हजार दोनशे सहा."

"बया," आत्या म्हणाल्या, आणि पदर सारखा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून बायका दुकानात यायला लागल्या. ब्लाउजचं निमित्त असायचं. कापड टेबलावर टाकायच्या आणि मान लांब करून आतल्या खोलीकडे बघायच्या.

"त्याच का त्या?"

"त्याच."

"अवो, जरा सांगा की त्यांना. मूठभर मीठ घातलं तरी आमटी निस्ती पाण्यावानी लागतीय."

सगळ्यात जास्त त्रास एका घरातल्या दोन जावांना झाला. थोरली विषम निघाली, धाकटी सम. एकाच पातेल्यातली वांग्याची भाजी, थोरली म्हणायची झकास झालीय, धाकटी म्हणायची काहीच घातलं नाहीस, मुद्दाम करतेस. दोघी मिळून माझ्याकडे भांडत आल्या आणि मिळून भांडत गेल्या. ब्लाउज मात्र दोघींनीही शिवायला टाकले नाहीत.

माझ्या वाट्याच्या बायका तरी सुखी होत्या का? मला चहासोबत खारी लागते. जेवताना शेंगाची चटणी लागते, आणि ती थोडी जास्तच लागते. दुकानाच्या डाव्या हाताला केळीवाला बसतो, त्याच्याकडून रोज दोन घ्यायची सवय. आता खारीचा तुकडा मोडला की डोळ्यांपुढे एकोणीस हजार बायकांची तोंडं उभी राहायची. एका बाईंनी तर निरोप पाठवला, "त्यांना म्हणावं खारी खातायत ते ठीक आहे, पण चारच्या आत खा. नंतर मला झोप येत नाही." मी चारच्या आत खायला लागले. जेवणात मजा म्हणून काही उरली नाही. ताटावर बसलं की ड्युटीवर बसल्यासारखं वाटायचं.

आत्या मात्र खुलल्या होत्या.

आधी मला ते लक्षात आलं नाही. आठ वर्षं त्या आपलं पातेलं घेऊन खिडकीपाशी जेवायच्या, आम्ही टीव्हीसमोर. आता त्या जेवायच्या वेळी वेणी घालून, स्वच्छ लुगडं नेसून बसायला लागल्या. एका दुपारी मी आत गेले तर घास हातात धरून थांबल्या होत्या.

"का हो आत्या, गार झालं का?"

"न्हाई गं. बारा वाजायची वाट बघत हुते. रानातल्या बायकांची सुट्टी बाराला हुती न्हवं. त्या बसल्या म्हंजी मी बसते." मग जरा लाजून म्हणाल्या, "पंगतीत बसल्यावानी वाटतंय. आठ वर्सं एकटीच गिळत हुते."

मी म्हटलं, "भाजी उकडली का नीट?" आणि बाहेर आले.

शेवंता आली ती त्याच आठवड्यात. चाळिशीची, काटक, उन्हाने रापलेली. तिच्याकडे ब्लाउजपीस नव्हता, निमित्तही नव्हतं. ती चौकटीला टेकून उभी राहिली, कारण उजव्या पायावर भार देता येत नव्हता.

"वैनी, म्या भांडाया आले न्हाई," ती म्हणाली. "माजा नंबर अकरा हजार सातशे चाळीस. ज्वारी उपटायला जाते. दोन आठवडं झालं, पायात गोळं येत्यात. ऊन केवढं हाय, घाम तर निगतोयच, आन् आत मीठ काय जात न्हाई. परवा पेंडी उचलाया वाकले ती उठलेच न्हाई. बायकांनी सावलीला वढत नेली."

"केळं खाऊन बघितलंस का? शहाळं?"

"दोन्ही खाल्लं. तोंडाला ग्वाड लागलं, पायाला काय पोचलं न्हाई. मावशीला केळं चालत न्हाई म्हनत्यात."

"नाही चालत."

"आमच्या टोळीत नऊ जनी सम हायत. चौगी घरीच बसल्यात. ज्वारी रानात वाळून चाललीय, मुकादम दुसरी टोळी लावतो म्हनतोय." ती आतल्या खोलीकडे बघत नव्हती, मुद्दाम बघत नव्हती. "मावशीनं जरा चार दिस मीठ खाल्लं तर जमंल का? निस्तं इचारतेय. दुखनेकरी हायत ते ठाव हाय मला."

मी नाही म्हणाले. डॉक्टरांनी काय सांगितलंय ते सांगितलं. तिने मान हलवली, "व्हय, बराबर हाय," म्हणाली आणि लंगडत गेली. आतून काही आवाज आला नाही, म्हणून मला वाटलं आत्या झोपल्यात.

आत्या झोपल्या नव्हत्या. मी दुपारी काजबटणं आणायला गेले तेवढ्यात त्यांनी लोणच्याच्या बरणीतल्या सहा फोडी खाल्ल्या आणि वर वाटीभर ताक प्यायल्या, मीठ घालून. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी त्यांचे पाय पांढऱ्या भोपळ्यासारखे सुजले आणि श्वास पुरेना. आम्ही रिक्षाने दवाखान्यात नेलं. डॉक्टर माझ्यावर ओरडले. मी ऐकून घेतलं, कारण बरणी वरच्या फळीवरून खाली मीच आणून ठेवली होती.

ह्यांना मी इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. "आई, तुला काही कळतं का? मरायचंय का?"

"दिगू," आत्या नळ्या सांभाळत म्हणाल्या, "त्या पोरीनं ज्वारी किती उपटली तेवढं इचार की."

शेवंताच दवाखान्यात आली. तीन दिवस तिचे पाय सरळ चालत होते, आणि त्यावरूनच तिने ओळखलं होतं. कॉटच्या कडेला उभी राहिली. सुजलेल्या पायांकडे एकदा बघितलं आणि पदराने तोंड पुसलं.

"मावशी, आसं करू नगा," म्हणाली. "तुमी खाल्लं तर तुमी मरनार, न्हाई खाल्लं तर आमी पडनार. पर आमी पडलो तर उठतो तरी."

"किती उपटली?" आत्यांनी विचारलं.

"दीड एकर."

"मंग!" आत्या म्हणाल्या.

तिथूनच मी मोजणी कचेरीत गेले. बुरुंगले साहेब जेवणाचा डबा उघडत होते. त्यांचं मीठ कुणाकडे आहे कोण जाणे, पण घास तोंडात ठेवून त्यांनी डोळे मिटले आणि नाइलाजाने चावायला सुरुवात केली.

"साहेब, आत्यांच्या बायका माझ्या नावावर करा. सगळ्याच्या सगळ्या. मी खाईन सगळ्यांचं."

"तसं नाही करता येत." त्यांनी घास गिळला. "फेरडबा भरावा लागेल. एकदाच मिळतो. चोवीस तास, तुम्ही एकट्या, आणि ज्यांना त्रास झाला त्यांच्यापैकी एक साक्षीदार पूर्ण वेळ हजर. डबा पुरा झाला तर सगळ्या तुमच्याकडे."

"आणि एखादी चुकली तर?"

"मग दोन्ही डबे बाद. यादी कुणाच्याच नावावर राहात नाही."

"म्हणजे त्यांचं त्या खातील?"

"नाही ताई. त्यांना काहीच पोचणार नाही. मीठ नाही, पोटॅशियम नाही. पुढच्या मोजणीपर्यंत." ते डब्याचं झाकण लावायला लागले. "विचार करून सांगा. बहुतेक लोक फेरडबा घेत नाहीत."

"मग काय करतात?"

"कंटाळतात," बुरुंगले म्हणाले.

मी फेरडबा घेतला. आत्या घरी आल्यावर त्यांना सांगितलं. त्यांनी आपले पाय पुढे घेऊन बघितले. सूज उतरली होती.

"म्हंजी समद्या तुज्याकडं."

"हो, आत्या."

"आन् माज्याकडं कोन?"

"तुम्ही सुटाल. आधीसारखं आपलं आपलं."

"आधीसारखं," आत्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "कर बाई. ती पोरगी लंगडतीय."

सोमवारी सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी मी पहिली टाकून दिली आणि वेळ लिहिली. साक्षीदार म्हणून शेवंता आली होती. मुकादमाला एक दिवस सांगून. तिने न्हाणीघराच्या दारात पोतं अंथरलं आणि ठाण मांडलं. दुकान बंद. शिलाई मशीनवर पांघरूण. मी दिवसभर घरातल्या घरात. शेजारीण एकदा डोकावली, "वासंती, माझा ब्लाउज..." तर शेवंताने तिला बोट दाखवून उंबऱ्याबाहेरच थांबवलं.

"वैनी, शिंकू नगा जोरात," शेवंता दुपारी म्हणाली.

"का?"

"थेंब सांडंल."

मला हसू आलं, आणि हसायचीही भीती वाटली. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, दोन बाळंतपणं झालेल्या बाईला भीती वाटावी असंच ते होतं. शिंक आली की मी डब्याकडे धावायचे. शेवंता बोटं मोडत हिशेब ठेवायची आणि दर वेळी तोच प्रश्न विचारायची, "समदी का?" "समदी." रात्री तीनदा उठले. तिन्ही वेळा ती पोत्यावर उठून बसलेली. "समदी का?" "समदी गं बाई."

मंगळवारी सकाळी पावणेसातला बुरुंगले साहेब लाख आणि मेणबत्ती घेऊन हजर झाले. सात पाचला शेवटची डब्यात पडली की काम संपलं. आधी चालत नाही, नंतर चालत नाही. पुढेमागे पाच मिनिटांची सूट.

मी सातला आत गेले. दाराची कडी लावली. डबा पुढ्यात ठेवला.

काहीच होईना.

बाहेर माणसं उभी आहेत, हे माहीत असलं की होत नाही. तीन माणसं बाहेर उभी होती, आणि त्यांच्या मागे अडतीस हजार चारशे बारा. मला ह्यांच्या चपलांचा आवाज येत होता. बुरुंगले खाकरले तेही ऐकू आलं.

"सात चार," ते बाहेरून म्हणाले.

"वासंती, शांत हो," हे म्हणाले. माणसाला शांत हो म्हटलं की काय होतं ते ह्यांना बावीस वर्षांत कळलेलं नाही.

"वैनी, पानी प्या," शेवंता.

"प्यायले! तीन तांबे प्यायले!"

"सात सहा."

मला रडू यायला लागलं. डोळ्यांतून यायला लागलं आणि जिथून यायला हवं तिथून नाही. रडण्यातही मीठ जातं, ते डब्यात धरायचं का, हे विचारावं असं मनात आलं. शेवंताचे पाय डोळ्यांपुढे आले. आता त्यांना अळणीही पोचणार नव्हतं, काहीच पोचणार नव्हतं.

"सात आठ, ताई."

तेवढ्यात बाहेर काठीचा आवाज झाला. कुणीतरी हळूहळू चालत दाराशी आलं. "सरका रं," आत्यांचा आवाज. मग त्या दाराला तोंड लावून उभ्या राहिल्या असाव्यात, कारण फटीतून अगदी जवळून ऐकू आलं.

"शूऽऽ," आत्या म्हणाल्या. "शूऽऽ, शूऽऽ, शूऽऽ."

माझ्या दोन्ही मुलांना पायांवर धरून त्या अंगणात असंच करायच्या. त्याच सुरात. घाई नाही, राग नाही. मी डोळे मिटले. त्या करतच राहिल्या, मधे एकदा दम लागला, थांबल्या, पुन्हा सुरू केलं. त्यांच्या एकोणीस हजार दोनशे सहा बायका त्या माझ्याकडे घालवत होत्या, आणि शेवटच्या बाईला उंबऱ्यापर्यंत पोचवून यावं तशा शेवटपर्यंत करत राहिल्या.

"सात नऊ," बुरुंगले म्हणाले.

"गप ऱ्हावा," आत्या म्हणाल्या. "झालं."

झालं होतं.

शेवंताने आत येऊन डबा बघितला, खाली फरशी बघितली, हात लावून बघितली. "समदी," ती बुरुंगल्यांना म्हणाली. त्यांनी मेणबत्तीवर लाख वितळवली, झाकणावर ओतली, शिक्का दाबला. मग यादीवर लांबलचक रेघ मारली आणि आत्यांची सही घेतली. आत्यांनी सही केल्यावर पेन लगेच सोडलं नाही.

"आता मी कुटं?" त्यांनी विचारलं.

"कुठेच नाही, आजी. मोकळ्या," बुरुंगले म्हणाले, आणि चहा न घेता गेले.

शेवंता अकराच्या बसने गेली. जाताना तिने मला बजावलं, "वैनी, दुपारच्याला बरं काय तरी खावा. उद्यापास्नं आमी रानात हाय. आन् केळं." आत्यांच्या पाया पडली. आत्यांनी तिच्या उजव्या गुडघ्यावरून हात फिरवला.

दुपारी हे कामावर गेले होते. मी स्वयंपाक केला. डाळ, भाकरी, शेंगाची चटणी, एका बाजूला दोन केळी. आणि छोट्या पातेल्यात दोनदा उकडलेला दोडका. आत्या खिडकीपाशी बसल्या होत्या. वेणी घातलेली नव्हती. घड्याळात बाराला दहा कमी होते, आणि त्या जेवायलाही लागल्या होत्या.

इतकी दमले होते की ताट घेऊन टीव्हीपर्यंत जायची ताकद नव्हती. खरं म्हणजे नुसती दमले नव्हते. मी ताट तिथेच ठेवलं, आत्यांच्या शेजारी खाली फतकल मारली आणि त्यांच्या पातेल्यातला दोडका माझ्या भाकरीवर वाढून घेतला.

"आत्या," मी म्हटलं, "आजपासून मी तुमच्यातलंच जेवणार. दोघी मिळून."

त्यांनी चावणं थांबवलं. माझ्या भाकरीवरचा दोडका बोटांनी उचलून परत आपल्या पातेल्यात टाकला, आणि चटणीची वाटी माझ्याकडे सरकवली.

"रानात बायका हायत," आत्या म्हणाल्या. "खा."